नदीकाठची लेव्हल

कांदिवलीतल्या आमच्या गल्लीत सोसायटीची पत दोन गोष्टींवरून ठरते: लिफ्ट आणि लेव्हल. लिफ्ट सगळ्यांना कळते. लेव्हल म्हणजे कंपाउंडची उंची. रस्ता नव्याने काँक्रीटचा झाला की तो आधीपेक्षा वर येतो. मग पावसात रस्त्यावरचं पाणी गेटातून आत शिरतं. मग सभा भरते, चहा-बिस्किटं होतात आणि कंपाउंडमधल्या जुन्या लाद्यांवर भराव टाकून वर नवे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरतं. काम झालं की पाणी शेजारच्या सोसायटीत जातं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्यांची सभा भरते. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून ही चढाओढ बघतेय. ज्याने सगळ्यात शेवटी लेव्हल वाढवली, तो त्या पावसाळ्यापुरता कोरडा.

यात एक गोष्ट कोणी धरत नाही. कंपाउंड वर उचलता येतं, इमारत उचलता येत नाही. त्यामुळे तळमजल्यावरचे फ्लॅट दर खेपेला थोडे थोडे जमिनीत जातात. माझ्या नणंदेच्या घरात शिरायला पूर्वी दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता उतराव्या लागतात. "आधी मी तळमजल्यावर राहायचे," ती म्हणते, "आता तळघरात राहते. घर तेच, पत्ता पण तोच."

नणंद आमच्या शेजारच्याच सोसायटीत राहते. नवऱ्याच्या माघारी तिने मालवणी मसाल्याचा धंदा सुरू केला आणि तो चांगला चालवला. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या उन्हात टाकायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि वर्षभराचा माल भरून ठेवायचा. पावसाळ्यात आणि गणपतीच्या आधी तो विकला जातो. दहिसरपासून अंधेरीपर्यंत तिची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. मसाला कुटायच्या मशीनची घरघर वरच्या मजल्यावर कोणी चालवून घेत नाही, म्हणून तिला तळमजलाच हवा. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर तिची वर्षाची सगळी कमाई पोत्यांत आणि डब्यांत, जमिनीच्या पातळीखाली ठेवलेली असते. मसाल्याला पाण्याचा थेंब लागला की बुरशी. धुऊन, वाळवून काही होत नाही.

गल्ली संपते तिथे पोयसर नदी. तिला नदी म्हणायची सवय कोणालाच नाही, सगळे नालाच म्हणतात. दोन्ही सोसायट्यांची मागची बाजू तिच्या काठावर आहे. आधी आमची, मग खालच्या अंगाला नणंदेची, मध्ये एक भिंत.

आमच्या जुन्या इमारतीच्या मागे नदीपर्यंत एक पडीक पट्टा होता. तिथे बंद पडलेली टाकी होती, अळू माजलेलं होतं, भंगार सायकली होत्या. पावसात तिथे गुडघाभर पाणी साचायचं, म्हणून त्या जागेचं कोणी काही केलं नाही. गल्लीतलं पाणी आमच्या इमारतीच्या कडेने त्या पट्ट्यात उतरायचं. नदी मोकळी असली की ते निघून जायचं. समुद्राला भरती असली आणि नदी तुंबलेली असली की ते तिथेच थांबायचं, ओहोटीची वाट बघत. या पट्ट्यामुळे नणंदेच्या दारात पाणी घोट्याच्या वर कधी गेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. ते आमच्या आर्किटेक्टने दाखवलं.

इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा आम्ही बिल्डरकडे न जाता सोसायटीनेच काम हातात घेतलं. मी सेक्रेटरी. अंधेरीच्या एका कंपनीत मी खरेदी विभाग सांभाळते, त्यामुळे कोटेशन मागवणं, ट्रक कधी येणार ते विचारणं, दिलेल्या तारखेची आठवण करून देणं हे माझं रोजचंच. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. आम्ही दोघं स्टेशनच्या पलीकडे गेलो, आमचे अध्यक्ष बोरिवलीला. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. काकू गुडघ्यांनी अंथरुणाला खिळल्यासारख्याच. "तिला नव्या घरात एकदा नेलं की मी सुटलो," असं ते दर बैठकीत एकदा तरी म्हणत. कामाला एक महिना उशीर म्हणजे त्यांच्या पेन्शनीतून आणखी एका महिन्याचं भाडं. हे मी कधी विसरले नाही, आणि पुढे जे झालं त्यातही ते माझ्या डोक्यात होतंच.

आर्किटेक्ट जोगेश्वरीची, माझ्यापेक्षा बरीच लहान. नकाशा काढायच्या आधी ती भर पावसात गमबूट घालून आमच्या पडीक पट्ट्यात उभी राहून गेली होती. पहिल्या बैठकीत तिने विचारलं, "पाणी आत्ता कुठे थांबतं?" पाणी कुठून येतं हे आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होतं. कुठे थांबतं, हा विचार कोणी केला नव्हता.

तिचा आराखडा साधा होता. नदीकडच्या पट्ट्यात भराव टाकायचा नाही, उलट तो अजून खोल करायचा. तिथे गवत लावायचं, चालायला वाट करायची. आठ महिने मुलांनी खेळावं, चार महिने पाण्याने थांबावं. नदीकडच्या भिंतीत झाकणाची भोकं ठेवायची. नदी वर असली की झाकणं बंद, उतरली की पाणी आपोआप बाहेर. गल्लीतलं पाणी जुन्या वाटेनेच आत येऊ द्यायचं. तळमजल्यावर राहतं घर नाही. विजेचे मीटर, पंप, लिफ्टचं पॅनेल सगळं पहिल्या मजल्यावर.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आपण आपल्या खर्चाने नाल्याला घरात बोलवायचं."

"तो येतोच आहे, काका. मी फक्त बसायला जागा देतेय."

दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत. "आणि गाड्या?"

सगळं तिथे येऊन थांबलं. पट्टा भरून घेतला असता तर तिथे गाड्यांची एक अख्खी रांग बसत होती. कॉन्ट्रॅक्टरचा आराखडा तोच होता: पूर्ण प्लॉट चारेक फूट उचलायचा, नदीकडे आणि शेजाऱ्याकडे सलग भिंत बांधायची.

"गल्लीत सगळ्यात उंच आपण," काका म्हणाले. "पुढची वीस वर्षं बघायला नको."

"आणि आपलं पाणी?" मी विचारलं.

"आपलं कुठलं? रस्त्याचं पाणी ते."

"ते जाईल कुठे?"

काकांनी चष्मा पुन्हा लावला. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मॅडमचा प्रश्न बरोबर आहे. पण मॅडमची नणंद शेजारी राहते हेसुद्धा सगळ्यांना माहीत असलेलं बरं."

ते खोटं नव्हतं. निर्णय सर्वसाधारण सभेवर ढकलला गेला. सभा जुलैच्या शेवटी.

इमारतीचा पाया दोन्ही आराखड्यांत सारखाच होता, म्हणून दरम्यान खोदाई सुरू झाली. इमारतीच्या जागी पायाचा मोठा खड्डा तयार झाला, आणि पाडलेल्या इमारतीचा राडारोडा कॉन्ट्रॅक्टरने मागच्या पट्ट्यात पसरला. ट्रकना फिरायला जागा हवी, हे तात्पुरतं आहे, असं तो म्हणाला. मी कमिटीत म्हटलं की पावसाआधी हे उचललं पाहिजे. काका म्हणाले, सभेत भरावच ठरला तर उचललेलं पुन्हा आणून टाकायचं का? बाकीच्यांना ते पटलं. मतांनी मी हरले. तात्पुरत्या भरावावर रोलर फिरला, त्याच्या गल्लीकडच्या तोंडाला ढिगारा बसला आणि पाण्याची जुनी वाट बंद झाली.

नणंदेने ते भिंतीवरून पाहिलं. त्याच संध्याकाळी ती आमच्या भाड्याच्या घरी आली. चहाला हात लावला नाही.

"काय गो वहिनी, काय चाललंय तुमचं?"

"तात्पुरतं आहे ते."

"रोलर फिरवतात तात्पुरत्यावर?"

माझा नवरा मध्ये म्हणाला, "अगं, ती भांडतेय त्यांच्याशी."

"तू गप रे. भांडतेय म्हणजे काय? सेक्रेटरी आहे ना ती?" मग माझ्याकडे वळून तिने आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली येतो तेव्हा ती जास्त चिडलेली असते. "वहिनी, माझा यंदाचा सगळा माल भरून झालाय. मला बाकी काही कळत नाही. तुमचा पाणी तुमच्याकडे ठेवा."

"माल वर कुठे ठेवता येईल का? कुणाकडे?"

"कुणाकडे? मिरचीच्या वासाने लोक जिन्यात शिंकतात. तू ठेवशील?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी काही पोती आमच्याकडे आली. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात मावतील तेवढीच. घरमालकाला तिसऱ्या दिवशी वास लागला आणि बाकीची आणायचं राहिलं.

जुलैत सभेच्या आधीच तो पाऊस आला. सकाळपासून धरून लागला होता. ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं होतं. अशा दिवशी मी भरतीची वेळ बघून ठेवते. ती दुपारची होती. म्हणजे ऐन दुपारी नदी पाणी घेणार नाही. नवरा सकाळीच बहिणीकडे गेला होता. दुपारी त्याचा फोन आला.

"दारात आलंय. गल्लीतलं सगळं पाणी इथेच वळलंय. तुमच्या साइटच्या ढिगाऱ्याला अडून भिंतीच्या कडेने आत येतंय."

"किती?"

"पहिली पायरी गेली. आता उतरतंय ते, तुला कळतंय ना? घरात उतरतंय. आम्ही दाराला मातीची पोती लावलीत. माल खाटांवर चढवतोय. मशीन हलत नाही."

मी छत्री न घेताच निघाले, छत्रीचा उपयोग नव्हता. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. पुढे तो येईना. गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं आणि ते ओढत होतं, सगळं एकाच दिशेला. आमच्या साइटच्या पत्र्यांना धरून मी गेटपर्यंत पोहोचले आणि ट्रकसाठी केलेल्या चढावरून आत शिरले.

आतलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. पत्र्यांच्या बाहेर मांडीभर पाणी, आणि आत, पंपाने उपसत ठेवलेला आमचा पायाचा खड्डा जवळपास कोरडा. तळाशी थोडा चिखल, त्यात सळयांच्या जाळ्या बांधून तयार. दोन दिवसांत काँक्रीट ओतायचं होतं. एवढा मोठा, खोल खड्डा रिकामा, आणि वीस पावलांवर भिंतीपलीकडे माझा नवरा आणि नणंद पोती उचलत होते. ढिगाऱ्यावर चढून मी बघितलं. नणंदेच्या दाराशी पाणी मातीच्या पोत्यांच्या काठाला लागलं होतं. नवरा आतून डबे देत होता, ती खाटेवर उभी राहून घेत होती. तिने मला पाहिलं आणि पुढचा डबा घेतला.

कोपऱ्यात जेसीबी उभा होता. ऑपरेटर केबिनमध्ये बसून होता. मी आर्किटेक्टला फोन लावला. पावसात तिला नीट ऐकू येत नव्हतं, मी दोनदा सांगितलं.

"ढिगाऱ्याचं गल्लीकडचं तोंड कापलं तर पाणी खड्ड्यात येईल," ती म्हणाली. "पण आधी सगळी माणसं वर काढा. लेबरच्या झोपड्या कुठे आहेत?"

"गेटच्या बाजूला, उंचावर."

"ठीक. शेजारच्या भिंतीपासून लांब कापायचं, गेटकडच्या कोपऱ्याने. खोल चर नको, रुंद आणि उथळ. पाणी हळू आलं पाहिजे. आणि ताई, सळयांवर चिखल बसेल. जाळ्या धुवाव्या लागतील, कदाचित काही काढाव्या लागतील. काम थांबेल. हे तुम्हाला माहीत असू दे."

"तू सांगतेस की कापा?"

"मी सांगते की कापता येईल. कापा असं कमिटीने सांगायला पाहिजे."

मग काकांना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते आरडाओरडा करणारे नव्हेतच.

"मॅडम, पाऊस थांबेल. भरती पण उतरेल. तासा-दोन तासांचा प्रश्न आहे."

"तिच्याकडे तेवढा वेळ नाही काका."

"आणि आपल्याकडे? खड्डा भरला तर उपसायला किती दिवस? सगळे भाड्याने राहतायत. काकूला मी काय सांगू?"

 पत्र्यांवर पाऊस वाजत होता.

"मी नाही म्हणतोय," ते म्हणाले. "हे लक्षात ठेवा."

"लक्षात ठेवलं."

तेवढ्यात नवरा भिंतीवरून डोकावला. चेहऱ्यावर मिरचीची लाल पूड आणि पावसाचं पाणी. "काय झालं?"

"काका नाही म्हणतायत."

 मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "तू सेक्रेटरी म्हणून काय ते ठरव. वहिनी म्हणून नको. भाऊ मी आहे ना इथे, तेवढं पुरे." आणि पुन्हा खाली उतरला.

मला त्याचा राग आला. त्याने मला सोपं काही ठेवलं नाही.

सेक्रेटरी म्हणून विचार करायचा तर प्रश्न असा होता: आमच्या ढिगाऱ्याने अडवलेलं पाणी शेजारी चाललं होतं, आणि ते ठेवायला आमच्याकडे जागा होती. नुकसान दोन्हीकडे होणार होतं. आमचं नुकसान उशिराचं होतं. तिचं नुकसान तिच्या पोटाचं होतं. मी हे इतक्या नीट मांडलं असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मातीच्या पोत्यांवरून पाण्याची पहिली बारीक धार आत गेली होती.

मी जेसीबीकडे गेले. "भाऊ, हा कोपरा कापायचा."

ऑपरेटरने खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, खड्डा भरेल."

"माहितेय."

"शेठने सांगितलं नाही."

"मी सांगतेय."

"मग मेसेज टाका. तोंडी नको. उद्या माझी वाट लागायची."

मी ओढणीने फोन पुसला. बोटं ओली, अक्षरं उमटत नव्हती. शेवटी मी कमिटीच्या ग्रुपवर आणि त्याच्या नंबरवर आवाजातच संदेश पाठवला: सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी सांगते आहे, गेटकडच्या कोपऱ्यात भराव कापा, जबाबदारी माझी. त्याने तो कानाला लावून पूर्ण ऐकला. मग लेबरच्या मुकादमाला हाक मारून माणसं मोजायला लावली, सगळी वर आहेत याची खात्री केली आणि इंजिन चालू केलं.

पहिल्या दोन घावांनी काही झालं नाही. नुसता चिखल सरकला. तिसऱ्याला पाणी आत आलं, आधी चहाच्या रंगाची पातळ पट्टी, मग रुंद होत गेलं. ऑपरेटर मागे सरकत रुंदी वाढवत होता. पाणी उतारावरून घसरत खड्ड्यात पडायला लागलं तसा मोठा आवाज झाला, आणि जाळ्या बुडताना मला कमिटीच्या ग्रुपवर येणारे संदेश खिशात थरथरताना कळत होते. मी फोन काढला नाही.

ढिगाऱ्यावर उभी राहून मी भिंतीपलीकडे बघत होते. बराच वेळ काही फरक दिसला नाही. उलट वाटलं की पाणी चढतंय. मग नणंदेच्या खिडकीखालच्या भिंतीवर एक ओला पट्टा दिसायला लागला, पाण्याच्या वर, दोन बोटांचा, मग चार बोटांचा. पाणी उतरत होतं.

पूर्ण वाचलं असं नाही. घरात शिरलं ते शिरलंच. मशीनची मोटर गेली. खाली राहिलेली धण्याची दोन पोती गेली, आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणांतलं सगळं. पण खाटांवरचा माल राहिला. मी पोहोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती, पाय पाण्यात. तिला खोकला लागला होता. मसाल्याची पूड सगळीकडे उडाली होती.

"तुझी साइट भरली ना?" तिने विचारलं.

"भरली."

"तुझे लोक तुला फाडून खातील."

"हो."

"जा मग घरी, कपडे बदल," ती म्हणाली. "फाडून खायचं तर निदान कोरडी तरी जा."

खड्डा उपसायला, चिखल काढायला आणि जाळ्या पुन्हा बांधायला बराच वेळ गेला. काकांनी मला एकही वाईट शब्द लिहिला नाही. त्यांनी ग्रुपवर फक्त माझा तो आवाजी संदेश पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, सभेत चर्चा करू.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. लोक आधी माझ्यावर बोलले, बराच वेळ. काहींचं बोलणं रास्त होतं. मग काकांनी उभं राहून शांतपणे विचारलं, "एकच प्रश्न. तिथे तुमची नणंद नसती तर तुम्ही मशीन चालवलं असतं का?"

 मी तयारी करून गेले होते, मुद्दे काढलेले होते. पण या प्रश्नाला त्यातला एकही मुद्दा चालत नव्हता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बहुतेक मी ढिगाऱ्यावर चढलेच नसते. पत्र्याच्या आतून बघितलं असतं आणि वाटलं असतं की आपलं सगळं ठीक आहे."

मागून एक बाई म्हणाल्या, "हे बरंय. म्हणजे प्रत्येक शेजाऱ्याकडे आपला एक नातेवाईक ठेवायला पाहिजे." लोक हसले. काकासुद्धा. त्या हसण्याने माझं काही माफ झालं नाही, पण सभा पुढे सरकली.

मग आर्किटेक्टने पडद्यावर त्या दिवशीचे फोटो लावले, कोणीतरी समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून काढलेले. कापायच्या आधी आणि नंतर. एका फोटोत गल्ली भरलेली आणि आमचा खड्डा कोरडा. दुसऱ्यात खड्डा भरलेला आणि गल्लीचा रस्ता दिसतोय. ती म्हणाली, "हे पाणी एकदा येऊन गेलं असं नाही. दर वर्षी येणार. तुम्ही ठरवा, ते ठरवून ठेवलेल्या जागेत यावं की मशीन लावून."

शेवटी आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखाच तोडगा काढला. पट्टा खोल ठेवायचा, भराव नाही, पण त्यातल्या अर्ध्या भागात गाड्या लावायच्या. बागही, गाड्याही, पाणीही. पावसाचा इशारा आला की गाड्या वरच्या रॅम्पवर काढायच्या. काढल्या नाहीत तर नुकसान ज्याचं त्याचं. आर्किटेक्टला हे फारसं आवडलं नाही, पण पाण्याची वाट मोकळी राहणार होती, म्हणून तिने मान्य केलं. मतं मोजली तेव्हा ठराव थोडक्यात पास झाला. काकांनी विरोधात मत दिलं. माझा राजीनामा कोणी मागितला नाही. माझ्या जागी यायला कोणी तयार नव्हतं.

काकांच्या घरी मी नंतर गेले. काकूंनी मला चहा करायला लावला, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या सूचनांप्रमाणे. त्या मला म्हणाल्या, "अहो, उशीर झाला तर होऊ दे. पण मला पहिल्या मजल्यावर नको हं, मीटरच्या शेजारी." काका पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

आर्किटेक्टचा हट्ट होता की पट्ट्याचं काम आधी पूर्ण करायचं, इमारतीच्या आधी. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात इमारत नुसते खांब आणि दोन स्लॅब होती, पण मागे नदीकडे खोलगट जमीन तयार होती. गवत अजून धरलेलं नव्हतं. झाकणं बसली होती. जोराच्या पावसाचा आणि भरतीचा दिवस पुन्हा जुलैतच आला. मी आधी साइटवर गेले. खोलगट भागात पाणी चढत होतं, गढूळ, शांत, त्यावर थर्मोकोलचे तुकडे आणि चपला. मग मी भिंतीला वळसा घालून नणंदेकडे गेले.

तिच्या कंपाउंडमध्ये घोटाभर पाणी होतं. वरच्या पायरीवर तिने विटांचा उंबरा बांधून घेतला होता, पाणी त्याला लागून तिथेच थांबलं होतं. आत खाटांवर सगळी पोती चढवलेली, टेबलावर डबे, नवी मोटर विटांवर. ती स्वतः स्टुलावर बसून दाराकडे बघत होती.

"तुमच्याकडे आलं?" तिने विचारलं.

"आलं. अर्ध्याच्या वर भरलंय."

"भरती अजून चढतेय."

"थोडी."

मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी पायरीकडे बघत राहिलो. पाणी हलत होतं, लाटेसारखं थोडं पुढे येऊन मागे जात होतं. कोणी बाहेरून चालत गेलं की ते उंबऱ्याच्या कडेपर्यंत चढायचं आणि ती उठल्यासारखी करायची.  मला मुद्दे सुचत होते, झाकणं, उतार, खोली, पण तिला ते ऐकायचे नव्हते, आणि मलाही सांगायचे नव्हते.

उंबऱ्याखालची पायरीची कड हळूहळू मोकळी झाली. तिने ती बघितली, मीही बघितली. 

"सगळं उतरवू?" मी विचारलं.

"नको. उद्याची भरती आहे अजून." ती थोडा वेळ खाटांकडे बघत बसली. "एक उतरव. पुढचं. ऑर्डर आहे उद्याची."

आम्ही दोघींनी मिळून ते पोतं खाली ठेवलं. तिने जमिनीला हात लावून बघितला, मग पोत्याचं तोंड सोडलं आणि मला पिशव्या धरायला सांगितल्या.